जेलाटोचं कार्ड

वजा बारा अंश.

एका पायानं डुगडुगणारी खुर्ची.

"राजकन्या होती ती. जेला नावाची."

रबरबँड लावलेली कोरी कार्डं.

पिस्त्याचा, लहान कप, दुपारी चार.

हे सगळं एकाच दुकानातलं. दुकान जेलाटोचं, म्हणजे इटालियन धाटणीच्या आइस्क्रीमचं, आणि ते बनवणाऱ्या कारागिराचं. सकाळी दूध तापवायचं, यंत्रात ओतायचं आणि सावकाश घुसळायचं. घाई केली की हवा शिरते आणि सगळं मुसळ केरात. मग दिवसभर चपट्या उलथन्यानं कप भरायचे. लोक कप घेत नि चालू लागत. बहिणीचा आठवड्यातून एकदा फोन यायचा, तीही "जेवलास ना?" एवढं विचारून ठेवून द्यायची.

आणि चार वाजता कोशकाका. छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले, आता परक्या शब्दांचा कोश करत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "अहो कारागीर, जेलाटो म्हणजे काय हो? आला कुठून हा शब्द?"

उत्तर कारागिराला तोंडपाठ होतं. हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिलं तेच सांगितलं होतं. पण काका नुकते खुर्चीत टेकले होते, उत्तर मिळालं की उठले असते. म्हणून त्यानं राजकन्या ठोकून दिली.

दुसऱ्या दिवशी काका हजर. "राजकन्येला पुरावा?"

"मग खलाशी असतील. बर्फाचं जहाज लागलं की 'जेला, जेला' ओरडायचे."

"कुठल्या बंदरात?"

"ते उद्या आठवून सांगतो."

सात महिने गेले. काका 'अहो'वरून 'अरे'वर आले. ऐकलेलं सगळं कार्डांवर पेन्सिलीनं टिपून घेत. "थापा मार, बाबा," म्हणत, "पण जरा पचतील अशा मार."

मग खोकला सुरू झाला. एक चमचा पोटात गेला की काका पाच मिनिटं वाकून खोकत.

"डॉक्टरनं थंड बंद केलंय," डोळे पुसत ते म्हणाले. "पण शब्द अडलाय ना. आणि दुकानात फुकट कसं बसायचं?"

कारागिरानं त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"काका, सगळं खोटं होतं. जेलाटो म्हणजे गोठवलेलं. बस. इटालियनमध्ये जेलारे म्हणजे गोठवणं, त्यावरून आला. आणखी मागे गेलात तर लॅटिनमध्ये जेलु, कडाक्याची थंडी. आपली जेली त्याच घरातली, चुलतबहीण. राजकन्या नाही की जहाज नाही."

काकांनी काहीच टिपलं नाही. पेन्सिल खिशात ठेवली.

"बरं झालं," ते म्हणाले. "काम झालं म्हणायचं."

दारात क्षणभर थांबले, मग पायरी उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी कारागिरानं खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. चारच्या सुमारास पेलाभर दूध गरम करून ठेवलं. साडेपाचला त्यावर साय धरली होती. तिसऱ्या दिवशीही धरली. खुर्ची आता डुगडुगत नव्हती.

काकांच्या घरी 'ज'च्या खोक्यात जेलाटोचं कार्ड होतं, शाईनं लिहिलेलं: 'गोठवलेलं, जेलारे, जेलु यांवरून.' खाली तारीख होती, ते दुकानात पहिल्यांदा आले त्याच्या आदल्या आठवड्यातली.