हुमणातली तीन बिंबलं

कमलाक्षी बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या कालवणात, आंबटाला परसातल्या झाडाची तीन बिंबलं घालायची, चौथं कधी नाही. चाळीस वर्षं तिचा नवरा बाबाजी ते हुमण बोटं चाटून खात आला आणि त्याला काही झालं नाही. मग तो पंचायतीतून निवृत्त झाला आणि हातात मोबाईल आला.

बिंबलात कोलेस्टेरॉल वितळवणारी द्रव्यं असतात, हे त्याला एका सकाळी मोबाईलवरून कळलं. दुपारपर्यंत तो त्यातला जाणकार झाला. डॉक्टरने दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी बंद झाली. परसातली बिंबलं पिळून रोज उपाशीपोटी पेलाभर रस सुरू झाला. चतुर्थीला घरी आलेल्या प्रत्येकाला तो सांगत सुटला, "झाडाक येता तें बाधना." वाड्यावरची तेरा घरं रस पिऊ लागली. पेडण्याच्या बाजारात हुमणापुरतं बिंबल मिळेना. इतकं आंबट रिकाम्या पोटी बरं नव्हे, असं कमलाक्षी एकदाच म्हणाली, तर त्याने तिला अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते समजावलं.

महिन्याभरात त्याचे पाय सुजले, लघवी जवळजवळ थांबली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषधं कोणती घेता? एकही नाही, असं तो छाती पुढे काढून म्हणाला.

"रोज सकाळीं पेलोभर बिंबलांचो रस घेतात," कमलाक्षीने सांगितलं.

बाईंचं पेन थांबलं. बिंबलातलं ऑक्झॅलेट मूत्रपिंडात जाऊन साचलं होतं. हुमणातल्या दोन-तीन बिंबलांनी काही बिघडत नाही, पण एका पेल्यात तीस-चाळीस पिळली जातात, एवढंच त्या बोलल्या. तीनदा डायलिसिस झालं आणि बाबाजी वाचला. वाड्यावर मात्र लाजेपोटी त्याने इन्फेक्शन झाल्याचं सांगितलं.

आठवड्याने शेजारचा शंभू भेटायला आला. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून त्याने ताज्या रसाची बाटली आणली होती. शंभूच्या सुजलेल्या पायांत चपलेचे पट्टे रुतले होते. ते बाबाजीने पाहिलं. लाज बाजूला ठेवून त्याने सगळं खरं सांगितलं, डायलिसिससकट, आणि आजच डॉक्टरकडे जा म्हणून हात जोडले.

शंभू समजूतदारपणे हसला. इस्पितळवाले माणसाच्या मनात असंच भरवतात, म्हणाला.

"झाडाक येता तें बाधना. तुमीच सांगिल्लें न्हू?"

आणि बाटलीचं झाकण उघडून त्याने एक मोठा घोट घेतला.