फ्रिजचा प्लग

टाचणी कोटाच्या कापडात शिरेना, शिरली तर बोटातच, आणि टाचणीखालच्या चिठ्ठीवर प्रशिक्षकाने गोल अक्षरात लिहिलेलं 'परिचारिका' तिला वरून उलटं दिसत होतं. डॉक्टरकीची चौदा वर्षं, त्यातली सहा आरोग्य केंद्राची प्रमुख म्हणून, आणि आता ही चिठ्ठी. समोर सिस्टर उभ्या होत्या, तिच्याच केंद्रातल्या, वयाने थोरल्या बहिणीएवढ्या. त्यांच्या छातीवर 'केंद्रप्रमुख'. नेतृत्व आणि व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. "चालली आमची पुढारी!" असं नवरा सकाळी डबा भरता भरता म्हणाला होता, आणि ती हसलीही होती.

"प्रसंग सोपा आहे," प्रशिक्षक म्हणाला. "नर्सच्या हातून चूक झालीय, ती प्रमुखांना सांगायला आलीय. चूक कुठली ते तुमचं तुम्ही ठरवा."

चूक कुठली... शंभर सुचाव्यात माणसाला. बाटली फुटली, नोंद चुकली, काहीही चाललं असतं. पण चोराच्या मनात चांदणं, आई म्हणायची तसं, तिच्या तोंडून निघालं ते हेच, "मॅडम, लसींचा फ्रिज दोन दिवस बंद राहिला."

पहिल्या रांगेत मोठे साहेब, जिल्हा आरोग्य अधिकारी, बसले होते. त्यांनीच तिच्या अहवालावरून सिस्टरना नोटीस काढली होती. तीन आठवड्यांपूर्वीचा तो सोमवार... अठ्ठावीस आया मांडीवर बाळं घेऊन बसलेल्या, फ्रिज कोमट, सगळी लस वाया, आणि ती सगळ्यांसमोर ओरडली होती — सिस्टर, सत्तावीस वर्षं काय झोपा काढल्यात का? — आणि ओरडता ओरडता, त्याच वाक्याच्या मधोमध, तिला भिंतीतल्या सॉकेटात प्रिंटरची वायर दिसली होती. शुक्रवारी सिस्टर फ्रिज तपासून घरी गेल्या, मग मला महिन्याचा आढावा छापायचा होता, सॉकेट एकच, मीच फ्रिजचा प्लग काढला, आणि घाईत तशीच निघाले... मी. वाक्य तिथेच तोडता आलं असतं. नाही तोडलं. उलट आवाज चढवला, पायाने ती वायर ओढून हळूच टेबलाखाली सारली आणि संध्याकाळी साहेबांना लिहून कळवलं की सिस्टरांचा निष्काळजीपणा. काय बाई आहे मी!

ती नोटीस फाइलमध्ये आहे तोवर सिस्टरना मुख्य परिचारिकेचं पद मिळणार नव्हतं. बढतीची यादी परवा लागणार होती, आणि निवृत्तीला उरलं होतं दीड वर्ष. हे सगळं तिला पाठ होतं.

आता त्या ओरडतील, तिला वाटलं. ओरडावंच त्यांनी. माझी हुबेहूब नक्कल करावी, हॉलने पोट धरधरून हसावं, म्हणजे फिटंफाट तरी होईल...

"आधी बसा बरं," सिस्टर म्हणाल्या. "किती घाबरलात! बाळं परत गेली का? पत्ते आहेत ना त्यांचे? नवी लस आली की आपण दोघी घरोघर जाऊन देऊ. आता सांगा, झालं कसं?"

"प्लग... प्लग मीच काढला होता. प्रिंटरसाठी. परत लावायचा राहिला."

"सांगितलंत ते बरं केलंत," सिस्टर म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. प्रशिक्षक खूश. "वा, काय जीव ओतलात हो! आणि सिस्टर, तुम्ही इतकं समजून घ्यायला कुठे शिकलात?"

"आमच्या मॅडमकडून," सिस्टर म्हणाल्या, आणि साहेबांनी तिच्याकडे बघून कौतुकाने मान डोलावली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. आणि त्याहून वाईट हे की टाळ्या पडत असताना छाती खरंच हलकी झाली होती. खरं बोलले, सगळ्यांदेखत बोलले, आणि कुणाला काही कळलं नाही, म्हणजे सुटले — असा सरळ हिशेब मनाने मांडूनही टाकला होता. निर्लज्जपणाची कमाल झाली.

चहाच्या सुट्टीत सिस्टर दोन कप घेऊन व्हरांड्यात आल्या. एक तिच्या हातात दिला. चिठ्ठी त्यांनी काढून ठेवली होती.

"वायर मला त्याच दिवशी दिसली होती, मॅडम. टेबलाखाली सारलीत ना, तेव्हा."

"मग... मग बोलला का नाहीत? नोटिशीला उत्तर काय दिलंत तुम्ही? 'चूक माझी' असं लिहून दिलंत!"

"आयांसमोर तुमचा पाणउतारा कशाला, म्हणून तेव्हा बोलले नाही. आणि नंतर म्हटलं, तुम्हीच सांगाल." त्यांनी चहावर फुंकर घातली. "आज सांगितलंत. पण मलाच सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं."

आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. सिस्टर कप ठेवायला आत गेल्या.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला साहेब एकटेच उभे होते, बशीत बिस्किट बुडवत. वीसेक पावलं असतील. काय म्हणायचं... साहेब, मघाशी ते नाटक नव्हतं. नको, असं नको. साहेब, तो अहवाल खोटा होता, मी लिहिला. ओठांतल्या ओठांत तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. सिस्टरना कळेल ही तीन आठवड्यांची भीती गेली होती, आणि तिच्या आड जी लाज लपून बसायची, ती आता उघड्यावर आली होती. पाय अजून जागचे हलत नव्हते. पण चहा निवत चालला तरी ती आत गेली नाही.