दोन्ही कान दिसले पाहिजेत

फोटोवालीचा स्टुडिओ चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. तीस वर्षं तिथे तिने एकच काम मन लावून केलं, पासपोर्टचे फोटो काढायचं. हनुवटी सरळ, तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसले पाहिजेत. हसऱ्या माणसाला गंभीर करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आणि आता हीच बाई भल्या सकाळी थोरल्या भावाच्या शेतात, बांधाला टेकून, स्टुडिओतला जुना तपकिरी पडदा अंगावर ओढून बसली होती. समोर शंभरेक क्रौंच. दरवर्षी थंडीत दूरदेशाहून येणारे हे राखाडी, उंच मानेचे पक्षी पंधरा-वीस दिवस या शेतांत उतरत आणि पुढे निघून जात. लहानपणी तिने ते पहिल्यांदा पाहिले ते भावाच्या खांद्यावर बसून. आता तोच भाऊ त्यांच्यावर उठला होता.

"पेरलेला गहू उकरून खातात मेले," तो म्हणाला होता. "रविवारपासून तोफ लावणार."

तोफ म्हणजे गॅसवर चालणारी, दर दहा मिनिटांनी धडाम् करणारी नळी. आजूबाजूचे चौघे शेतकरीही तीच लावणार होते. एकदा ते सुरू झालं की क्रौंच इकडे पुन्हा फिरकणार नाहीत.

"दादा, ते किडे शोधतात रे."

"तुझ्या कानात येऊन सांगितलं वाटतं!"

"फोटो दाखवला तर?"

"चोचीत काय आहे ते दिसलं पाहिजे. नाहीतर तोफ."

तीन सकाळी ती बसली. गुडघे बोलायला लागले, मुंग्यांनी पायावर रस्ता केला, पण ती हलली नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिने भावाच्या स्वयंपाकघरात टेबलावर लॅपटॉप उघडला. भावाने चष्मा चढवला. एक फोटो झाला, दहा झाले, दोनशे झाले. प्रत्येकात एक क्रौंच मान ताठ करून, चोच मिटून, थेट कॅमेऱ्याकडे पाहत होता. चोच रिकामी.

"अगं, यांना काय व्हिसा काढायचाय?" भाऊ म्हणाला.

वहिनी इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. फोटोवालीने कपाळाला हात लावला. पक्षी खाली मान घालून खात होते, तेव्हा तिचं बोट हललंच नव्हतं. त्यांनी मान वर केली, स्थिर धरली, की आपोआप खटका. तीस वर्षांची सवय, दुसरं काय! त्या रात्री तिला स्वतःचा इतका राग आला की ती जेवलीच नाही.

शनिवारी, शेवटच्या सकाळी, ती बोटाला दम देऊनच बसली. मान खाली गेली की दाबायचं. तिने दाबलं. चिखल आला, पाठी आल्या, एक शेपूट आली. उन्हं वर चढली. थवा हळूहळू बांधापासून लांब सरकू लागला.

तेवढ्यात एका मोठ्या क्रौंचाने ढेकूळ उलथलं, खालून काहीतरी ओढून काढलं, आणि मान वर करून सरळ तिच्याकडे पाहिलं. हनुवटी सरळ. बोटाने तिला न विचारता खटका दाबला.

ती पडदा तिथेच टाकून धावली.

भाऊ गोठ्याशी होता. त्याने कॅमेऱ्याचा छोटा पडदा डोळ्यांशी नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. चोचीतून एक पांढरी, जाडजूड, वाकडी अळी लोंबत होती.

"हुमणी," तो हळूच म्हणाला. गेल्या वर्षी याच अळीने मुळं कुरतडून त्याचं अर्धं शेत वाळवलं होतं. औषधं मारून तो थकला होता. "ही खातात होय?"

"खातात."

"गहूही खातात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"खात असतील. कामावर आलेल्या माणसाला आपण जेवायला देत नाही का?"

त्याने कॅमेरा तिच्या हातात परत दिला. मग त्याने हात धुतले आणि चपला घातल्या.

"पासपोर्टचे एका वेळी किती देतेस गं?"

"आठ."

"मग आठ काढ. मोठे काढ, अळी दिसली पाहिजे. आज संध्याकाळच्या आत त्या चौघांच्या घरी जातो मी."

"अरे, चौघंच तर आहेत. आठ कशाला?"

"बाकीचे ठेवून दे," भाऊ म्हणाला. "पुढच्या वर्षी हे पक्षी आले की पुन्हा कुणीतरी तोफ काढेलच."