मागच्या तारखेचं पान

वैष्णवी पुण्याला जे शिकायला गेली, त्याचं नाव तिच्या बापाला कधी धड सांगता आलं नाही. रामकिसन शेलूबाजारहून मालेगावकडे काळीपिवळी जीप चालवायचा. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, की पोट्टी काय शिकते, तर तो म्हणायचा, "मशीनसंगं पुस्तक येते ना, कशी चालवाची त्याचं, ते लिवाचं शिकते." गिऱ्हाईक म्हणायचं, "ते कोण वाचते बापा?" मग रामकिसन गिअर बदलायचा आणि रस्त्याकडे बघायचा.

विद्यापीठात त्याला तांत्रिक संवाद म्हणत. वर्गातले बरेचसे दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेले होते, आणि वैष्णवीही त्यातलीच. पण पहिल्याच महिन्यात साधना मॅडमचा तास झाला आणि तिचं मन लागलं. मॅडमनी त्या दिवशी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतली चिठ्ठी आणली होती. त्यांनी ती कॉलेजच्या झाडलोट करणाऱ्या मावशींच्या हातात दिली, स्वतः त्यांच्याजवळ खाली फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, हे वाचून मला सांगा, लहान पोराला किती द्यायचं?" मावशींना सांगता आलं नाही. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी चुकल्या नाहीत. लिहिणारा चुकला. वाचणाऱ्याला कळलं नाही तर दोष नेहमी तुमचा, हे ज्याला मान्य नसेल त्यानं हा वर्ग सोडावा."

वैष्णवीनं हे वाक्य जपलं. वाचणाऱ्याशी बोलताना त्याच्यापेक्षा खाली बसायचं, वाक्य लहान ठेवायचं, आणि सांगून झालं की त्याच्याच तोंडून परत वदवून घ्यायचं, हे सगळं ती मॅडमकडून शिकली. पुढे मॅडम विद्यापीठ सोडून शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत गेल्या, तिथल्या लेखन विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि वैष्णवीचा निकाल लागताच त्यांनी तिला बोलावून घेतलं. रामकिसननं चौकात पेढे वाटले.

पहिलं मोठं काम आलं ते हडंब्याचं. सोयाबीन काढायचं ते मळणी यंत्र, ज्याला वैष्णवीच्या गावाकडे हडंबा म्हणतात. ती गोडाऊनमध्ये जाऊन यंत्राभोवती फिरली, ते चालवणाऱ्या माणसांशी बोलली, आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या पत्र्यावरून सोंगलेलं, म्हणजे कापलेलं, सोयाबीन आत सारतात, तो पत्रा या नव्या यंत्रात फार आखूड होता. एका ट्रकमध्ये जास्त यंत्रं बसावीत म्हणून तो कापला होता. कवळा, म्हणजे कवेत मावेल एवढं पीक, सारताना माणसाची बोटं फिरत्या दात्यांच्या पार जवळ जात होती.

तिनं पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "या हडंब्याचा पत्रा आखूड आहे. कवळा हातानं आत सारू नका. लाकडी दांड्यानं सारा. हात ओढला जाईल." खाली तिनं हाताचं आणि दांड्याचं चित्र काढून घेतलं.

विक्रीवाल्यांनी ते पान बघितलं आणि बैठकीत हशा पिकला. आमचा पत्रा आखूड आहे, हे आम्हीच छापायचं? मॅडमनी वैष्णवीला बाजूला घेतलं. "तुझं बरोबर आहे. पण ही लढाई आता नको. यंत्रावर स्टिकर लावणार आहेत ते." पान गेलं. त्याच्या जागी आतल्या मजकुरात एक ओळ आली: "कवळा हळूहळू आत सारा." वैष्णवीनं दोनदा लेखी विचारलं, स्टिकर कधी लागणार. उत्तर आलं नाही. पुस्तक छापून गेलं, आणि सोप्या भाषेबद्दल त्या पुस्तकाचं कंपनीत कौतुकही झालं.

पुढच्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात किन्हीराजाजवळच्या तांड्यावर रूपला नावाच्या बाईचा उजवा हात हडंब्यात गेला. अकोल्याच्या दवाखान्यात तो कोपराखालून काढावा लागला. तिचा नवरा धरमसिंग यानं कंपनीला वकिलाची नोटीस पाठवली.

मॅडमनी वैष्णवीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि तिच्यासमोर एक पुस्तक ठेवलं. हडंब्याचंच पुस्तक होतं, तोच कागद, तेच मुखपृष्ठ. वैष्णवीनं उघडलं. पहिल्या पानावर तिचंच वाक्य होतं. पत्रा आखूड आहे. हातानं सारू नका. हाताचं आणि दांड्याचं चित्रही होतं. खाली छपाईची तारीख मात्र मागच्या वर्षीची होती.

क्षणभर तिला आनंद झाला. मग तारखेचा अर्थ लागला, आणि तिनं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"त्यांना हे आधीच मिळालं होतं, एवढंच दिसायला हवं," मॅडम म्हणाल्या. "जुनं पुस्तक त्यांच्याकडून घ्यायचं, हे द्यायचं, आणि मिळाल्याचा अंगठा. कंपनी उपचाराचं बघणार आहे, वाऱ्यावर नाही सोडणार त्यांना. आणि तू तर तिथलीच आहेस. तुझ्या बोलीत सांगितलंस तर विश्वास ठेवतील."

"मॅडम, हे पान तुम्हीच काढलं होतं."

"म्हणून तर आता घातलं ना," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात असायचं तेच समजूतदार हसू होतं.

वैष्णवीनं त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. तिला वाटलं, गावाला गेल्यावर बघू. शिवाय एवढी वर्षं ज्या बाईच्या शब्दावर ती चालली, ती बाई शेवटच्या घडीला तरी थांबेल, असं तिला कुठेतरी वाटत होतं.

कंपनीच्या गाडीनं दोघी शेलूबाजारला आल्या. तुळसाबाईनं, म्हणजे वैष्णवीच्या आईनं, मास्तरीण घरी येणार म्हणून वांग्याची भाजी, भाकर, ठेचा, आणि वर शेवयाची खीर केली होती. मॅडम खाली सतरंजीवर मांडी घालून बसल्या. तुळसाबाई हरखून गेली. मॅडमनी ठेच्याची कृती विचारली, ती तुळसाबाईच्याच शब्दांत परत म्हणून दाखवली, आणि पुन्हा एकदा खीर मागून घेतली.

"पुढच्या वर्षी विभाग हिच्याच हातात देणार आहे मी," मॅडम रामकिसनला म्हणाल्या.

रामकिसनचे डोळे भरून आले. वैष्णवी मॅडमच्या बोटांकडे बघत होती. भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवणारी ती स्वच्छ, निगुतीची बोटं बघून तिला शिसारी आली. तिच्या ताटातलं वांगं तेलात तसंच पडून होतं.

"काहून जेवत नाही वं?" तुळसाबाईनं विचारलं.

"मळमळून राह्यलं, आई. गाडी लागली."

तांड्यावर पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. रूपला ओसरीवर खाटेवर बसली होती. तिशीची असेल. हाताला पांढरी पट्टी होती, ती एका जागी पिवळी पडली होती, आणि औषधाच्या वासाखाली दुसराही एक वास होता. धरमसिंगनं खुर्च्या आणल्या. मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत. त्या रूपलाच्या खाटेशी, खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसल्या. मान वर करून तिच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, फार दुखतं का?"

वैष्णवी दारात उभी होती. मॅडमची ही बसण्याची रीत ती ओळखत होती. कॉलेजच्या फरशीवर मावशींच्या जवळ मॅडम अशाच बसल्या होत्या, आणि वैष्णवीनं त्या दिवशी ठरवलं होतं, की आपल्याला असंच माणूस व्हायचं. आता तिला जाणवलं, की बसण्यात काहीच फरक नाही. तोच कळवळा, तोच आवाज. तिला स्वतःच्या शिक्षणाची किळस आली. आपण शिकलो ते हे, आणि ते इतकं चांगलं शिकलो, की आपल्यालाही असंच बसता येतं.

मॅडमनी मिठाईचा डबा खाटेवर ठेवला आणि लहान लहान वाक्यांत विचारलं, "हडंब्यासोबत पुस्तक मिळालं होतं ना? वाचलं होतं कुणी?"

"हाव," रूपला म्हणाली. "पोरीनं वाचून दाखवलं होतं. लय सोपं होतं, आपल्या बोलण्यासारखं. म्हून ध्यानात राह्यलं. त्यात लिवलं होतं, कवळा हळूहळू आत सारा. म्या तसंच केलं."

ती तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती. वैष्णवीनं चौकट घट्ट धरली.

"त्या पुस्तकात थोडी चूक होती," मॅडम म्हणाल्या. "हे नीट केलेलं आहे. ते जुनं आम्हाला द्या, हे तुम्ही ठेवा. आणि मिळाल्याची खूण म्हणून इथे अंगठा. वैष्णवी तुम्हाला समजावून सांगेल. तुमच्या इथलीच आहे, शेलूबाजारची."

धरमसिंगनं वैष्णवीकडे बघितलं. "रामकिसनभाऊची पोरगी काय तू? मग सांग बाई. आमाले त्या वकिलाच्या कागदातलं काही समजत नाही."

वैष्णवी पुढे आली. तिला बसवेना, म्हणून ती उभ्यानंच बोलली.

"दादा, हे पुस्तक आता छापलं. याच्यावर तारीख मागच्या साली टाकली. याच्यात लिवलं हाये का हातानं सारू नका. तुमच्या पुस्तकात ते नोयतं. तुमी अंगठा देला तर असं होईन, का कंपनीनं सांगतलं होतं अन् वहिनीनंच आयकलं नाही. मंग वहिनीचा हात वहिनीच्याच चुकीनं गेला, असं ठरते. तुमच्याजवळचं पुस्तक कोणालेच देऊ नका. वकिलाले द्या."

मॅडम जमिनीवरून उठल्या आणि साडीच्या निऱ्या झटकल्या. "वैष्णवी, गाडीत बस. आपण बोलू."

धरमसिंग मात्र अजून वैष्णवीकडेच बघत होता. "तुले कसं मालूम, पह्यल्या पुस्तकात काय नोयतं ते?"

"मीच लिवलं ते. हाताचं लिवलं होतं. कंपनीनं काढलं, अन् मी काढू देलं."

त्यानं मिठाईचा डबा उचलला, गाडीच्या बोनेटवर नेऊन ठेवला आणि परत येऊन बायकोजवळ बसला. वैष्णवीला पाणी कोणी विचारलं नाही. रूपलानं फक्त एकदा तिच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

गाडीचं दार उघडून मॅडम म्हणाल्या, "तुला वाटतंय तू फार मोठं काही केलंस. माझं एक पद जाईल, दुसरं मिळेल. तुला या क्षेत्रात कोण उभं करेल?"

वैष्णवीनं तिथेच, रस्त्याच्या कडेला, बाभळीपाशी ओकलं. पोटात पित्ताशिवाय काही नव्हतं. गाडी निघून गेल्यावर ती फाट्यापर्यंत चालत गेली आणि जीपनं घरी आली. रामकिसनला तिनं सगळं सांगितलं. त्यानं गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "म्या तिले जेवू घातलं." आणि तुळसाबाईला त्यानं उरलेली खीर गुराच्या आंबोणात टाकायला सांगितली.

नोकरी गेली. धरमसिंगची तक्रार वाशीमच्या ग्राहक आयोगाकडे गेली, आणि वैष्णवीनं आपल्या जुन्या मसुद्यासह तिथे जबाब दिला. कंपनीच्या वकिलानं तिला नाराज कर्मचारी म्हटलं, पगारवाढ न मिळाल्याचा राग म्हटलं. तारखा पडत गेल्या. त्या काळात तिनं बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे आधीच्या प्रमुखांचं मत विचारत, आणि ते विचारलं की पुढे काही येत नसे. तिच्या विद्यापीठानं एका परिसंवादाचं निमंत्रण सगळ्या माजी विद्यार्थ्यांना पाठवलं, ते तिलाही आलं. विषय होता ग्रामीण वाचकासाठी लेखन. मुख्य वक्त्या साधना मॅडम होत्या. तिनं मोबाईल उलटा करून ठेवला.

शेवटी कंपनीनं तडजोड केली. रूपलाला भरपाई मिळाली, आणि त्या बदल्यात धरमसिंगनं पुढे काही न बोलण्याच्या कागदावर अंगठा दिला. वैष्णवीला ते आवडलं नाही, पण तिला कोणी विचारलंही नव्हतं, आणि विचारायचं कारणही नव्हतं. नव्या हंगामात हडंबे विकले गेले, ते पुस्तकात धोक्याचं पान घालूनच. पत्रा होता तेवढाच आखूड. पान मात्र सगळं तिचं, आणि पुस्तकाच्या मागे मॅडमचं नाव. काही हात वाचणार होते, हे खरं होतं. त्याचा आनंद करायचा ती प्रयत्न करायची, पण ते पान आठवलं की तोंडाला आंबट पाणी सुटायचं.

तडजोडीच्या दिवशी मॅडम वाशीमला आल्या होत्या. आयोगाच्या कचेरीबाहेर व्हरांड्यात त्यांनी वैष्णवीचा हात दोन्ही हातांत धरला. "मला तुझा रागच नाही येत," त्या म्हणाल्या. "तू माझीच विद्यार्थिनी शोभलीस."

वैष्णवीनं हात सोडवून घेतला. बोलायचं ठरवून आलेली दहा वाक्यं तिच्याजवळ होती. तिनं त्यातलं एकही वापरलं नाही. ती व्हरांड्याच्या टोकाच्या नळाशी गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले.

रूपला तिथेच ओट्यावर बसली होती. तांड्यावरच्या त्या दिवसानंतर ती वैष्णवीशी एक शब्द बोलली नव्हती. आता म्हणाली, "तुही मास्तरीण होती ना ते?"

"हाव."

"लय गोड बोलते." रूपलानं पदर डाव्या हातानं खांद्यावर सारखा केला. "तूबी तसंच लिवलं होतं."

रूपलाला उत्तर नको होतं. धरमसिंगनं हाक मारली तशी ती उठून गेली.

पावसाळ्याअखेर वैष्णवीला अकोल्यात काम मिळालं. दवाखान्यांना उपकरणं पुरवणारी लहानशी संस्था होती, पगार आधीच्या निम्मा. मुलाखतीत शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का. ती म्हणाली, "मी लिहिलेली धोक्याची ओळ काढायची असेल, तर ती कोण काढणार? आणि त्याखाली त्याची सही राहणार का?"

समोरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. असं कोणी कधी विचारलं नव्हतं. एक जण म्हणाला, यावर विचार करावा लागेल. सोमवारपासून या, असंही म्हणाला. सही कोणाची, ते अजून ठरलेलं नाही. वैष्णवी दर आठवड्याला विचारते.