ताटातलं उरलेलं

जागृती रोज सकाळी डोंबिवलीच्या मैदानाला फेऱ्या मारून घामाघूम होऊन यायची, पण मेला वजनाचा काटा हलेल तर शपथ. स्वतःच्या ताटात ती एकच भाकरी घ्यायची. भात बंद, गोड बंद. तरी चुकतंय कुठे, या विचाराने तिची दिवसभर चिडचिड व्हायची. मुलीच्या, सान्वीच्या ताटात उरलेलं ती ओट्यापाशी उभ्याउभ्या संपवायची खरी, पण ते अन्न वाया जाऊ नये म्हणून. ते काय जेवण झालं?

रविवारी कबड्डी खेळून आलेल्या सान्वीने कोलंबीभाताचं शीतही ठेवलं नाही. जागृतीला बरं वाटायला हवं होतं. तिने ओटा पुसला, पुन्हा पुसला. पातेल्यावरचं झाकण काढलं, परत ठेवलं. जिवाला चैन पडेना.

सान्वी ताट घेऊन उठायला लागली.

"बस गं. अजून थोडा भात घे."

"आई, पोट भरलंय. उरेल तो."

"उरू दे ना, मी आहे की," म्हणत जागृतीने तिच्या ताटात दोन डाव भात वाढला आणि तिथेच उभी राहिली.