कश्मिराचे अडतीस व्हिडिओ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. त्या रविवारी चंदीगडच्या हवाई दलाच्या वसाहतीत, आमच्या जेवणाच्या टेबलावर काय काय होते ते आधी मोजून सांगतो. वंदनाताईंचा फोन एक. केबल एक. फोनमध्ये फोटो दोन हजार एकशे चार, व्हिडिओ अडतीस. माझ्या डिस्कवर मोकळी जागा अकरा जीबी. सोमवारी एक्स्चेंजवाला नवा फोन देऊन तो जुना घेऊन जाणार होता. क्लाउड वर्षभरापूर्वीच बंद केलेला.

मी या घरात आलो तेव्हा केवढे कौतुक होते माझे! वंदनाताईंचे यजमान, हवाई दलात विमाने दुरुस्त करणारे सर्वेशसाहेब, यांच्याबरोबर मी ओझर पाहिले, मग जोधपूर, मग चंदीगड. प्रत्येक बदलीला मला ब्लँकेटात गुंडाळून काळ्या पेटीत ठेवत. जोधपूरला माझ्यावर चहा सांडला आणि माझे स्पीकर गेले. "पुढच्या पोस्टिंगला बघू," साहेब म्हणाले. विमानाचा एक स्क्रू सैल दिसला तर उड्डाण थांबवणारा हा माणूस. मला मात्र त्याने मुकाच ठेवले. पुढे घराला त्याची सवय झाली.

व्हिडिओ होते त्यांच्या मुलीचे, कश्मिराचे. ओझरला ती तीन वर्षांची असताना घेतलेले. आज ती अकरा वर्षांची आहे आणि मराठीत विचारले तरी हिंदीत उत्तर देते.

"कावळ्याला रागवायचीस तू. 'ए काऊ, माझी पोळी दे!' म्हणून," वंदनाताई सांगत होत्या.

"मैं? मम्मा, पक्का आप बना रहे हो."

"थांब, टीव्हीवरच दाखवते. पुरावा आहे माझ्याकडे."

हल्लीचे फोन फोटो आणि व्हिडिओ अशा नव्या प्रकारात साठवतात की ते जागा कमी घेतात. पण माझ्यासारख्या जुन्याला ते उघडता येत नाहीत. साहेबांनी फोनच्या सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक' निवडले. फोटो माझ्या ओळखीचे जेपीजी होऊन सुखरूप उतरले. व्हिडिओ मध्येच अडकले. मग त्यांनी ते मूळ रूपातच माझ्यात घेतले आणि एका फुकट प्रोग्रॅमने एमपी-फोर करायला लावले. त्या प्रोग्रॅममध्ये दोन चौकटी होत्या, चित्राची आणि आवाजाची. दुसरीत खूण नव्हती. सगळा वेळ ती माझ्या पडद्यावर होती. कोणी वाचली नाही. जागेची टंचाई म्हणून काम झालेली प्रत्येक मूळ फाइल साहेब लगेच पुसत गेले.

"अहो, एकदा लावून तरी बघा," वंदनाताई म्हणाल्या.

साहेबांनी एक व्हिडिओ लावला. छोटी कश्मिरा कठड्याशी हात नाचवत होती. ओठ हलत होते.

"आणि आवाज?"

"याचा कुठला आवाज? मुका आहे तो. टीव्हीवर ऐक. अगं, विमानं दुरुस्त करतो मी, हे काय घेऊन बसलीस!"

सोमवारी त्यांनी फोन पूर्ण पुसला आणि एक्स्चेंजवाल्याच्या हातात दिला.

मित्रांनो, मला नवी बॅग नको, कौतुकही नको. स्पीकर बदलायला एक दुपार पुरली असती. घरातल्या आठवणी ज्याच्यावर सोपवता, त्याची मोडतोड पुढच्या गावावर ढकलू नका. आणि जुने पुसण्याआधी नवे उघडून बघा, कान देऊन ऐका.

त्याच संध्याकाळी माझ्यातले व्हिडिओ भरलेला पेनड्राइव्ह टीव्हीला लागला.

"मम्मा, वॉल्यूम बढ़ाओ ना."

"शंभरवर आहे गं."

"तो देखा? मैं बोलती ही नहीं थी!" कश्मिरा टाळी वाजवून हसली आणि खेळायला पळाली.

वंदनाताईंनी रिमोट खाली ठेवला. साहेबांनी पेनड्राइव्ह काढून माझ्यात लावला आणि एकेका फाइलचा तपशील उघडून पाहिला.

तपासलेल्या फाइल अडतीस. चित्र असलेल्या अडतीस. आवाज असलेली एकही नाही.