इमोनिम

सुगंधाने आणखी एक वडा तेलात सोडला आणि ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं, "आन्न्योंग हासेयो. रुचिरा ओम्मा-येयो." नमस्कार, मी रुचिराची आई. शेवटच्या 'येयो'ला आवाज वर चढू द्यायचा नाही, नाहीतर आपणच रुचिराची आई का, असं विचारल्यासारखं होतं, असं प्रांजलने बजावलं होतं. वडा टम्म फुगला. तिने तो झाऱ्याने उलटला.

"आई, कुणाशी बोलतेयस गं?" बाहेरून रुचिराने विचारलं.

"वड्यांशी."

रुचिरा हसली नाही. ती सोफ्यावरच्या उशा तिसऱ्यांदा सारख्या करत होती. एका कोरियन कंपनीत दुभाषी म्हणून लागल्यापासून तिने मरोळला हा फ्लॅट भाड्याने घेतला होता. दहिसरहून रोज ये-जा करणं झेपत नाही, हे कारण खरंच होतं. आधी ती दर शनिवारी घरी यायची, मग महिन्यातून एकदा. गेल्या गणपतीत आरतीपुरती आली आणि प्रसाद हातात घेऊनच रिक्षात बसली. आज तिचे साहेब, कांग, बायकोला घेऊन जेवायला येणार होते. सोलच्या ऑफिसात कुणाला पाठवायचं ते त्यांच्या हातात होतं. म्हणून तिने चार दिवसांपूर्वी फोन केला होता, "आई, तुझ्या हातचं मालवणी जेवण पाहिजे. येशील?"

येशील का, हे विचारायची गरजच नव्हती. सुगंधाने कोकम भिजत घातलं, वड्यांचं पीठ दळून आणलं आणि कपाटातली मोतिया रंगाची इरकल इस्त्रीला दिली. महापालिकेच्या शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाली त्या दिवशी नेसली होती, त्यानंतर आजच. आत्ता ती साडी बाथरूमच्या दाराआड हँगरला होती. तळण आटोपलं की तोंड धुऊन नेसायची, असं तिने ठरवलं होतं.

कोरियन शिकायचं मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त शिकवणाऱ्या प्रांजलला माहीत होतं. प्रांजल खालच्या मजल्यावरच्या रश्मीची कॉलेजातली मुलगी, कोरियन मालिकांपायी वेडी झालेली. दहिसरला आली की रुचिरा फोनवर कुणाकुणाला कोरियनमध्ये लिहीत बसायची, लिहिताना गालात हसायची. आणि आईने पाठवलेल्या चार ओळींना तिच्याकडून एक अंगठा यायचा. त्या हसण्यात काय असतं, ते सुगंधाला एकदा बघायचं होतं.

"काकू, ती लोकं भेटल्यावर कसं काय विचारत नाहीत, जेवलात का विचारतात," प्रांजलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बाप मोगोस्सोयो? बाप म्हणजे भात."

"अगं, मग हे आपल्या देवगडचंच झालं की. माझी आजी दारातून आत पाऊल टाकू द्यायच्या आधी जेवलंस का विचारायची."

मेसेजमध्ये हसायचं असलं की ओळीने ख ख ख लिहायचं. एकच ख लिहिला तर तो टोमणा. दोन रडके डोळे काढले की फार वाईट वाटलं, किंवा फार आवडलं, दोन्ही. हो म्हणायला 'ने'. सुगंधाला पहिल्यांदा हसूच आलं होतं. ने म्हणजे काय, उचल आणि घेऊन जा? पण प्रांजल गंभीर होती. मेसेजमध्ये नुसतं 'ने' कोरडं वाटतं, ते लांबवायचं, शेपटी काढायची, म्हणजे लाडिक होतं. स्वतःच्या आईला ओम्मा, दुसऱ्याच्या आईला ओमोनिम. इमो म्हणजे मावशी. मान द्यायला इमोनिम.

"आणि घरकामाला येतात ना, त्यांनाही इमोनिमच म्हणतात. आपण मावशी म्हणतो तसंच."

"म्हणजे मावश्यांची तिकडेही सुटका नाही," सुगंधा म्हणाली होती, आणि दोघी खो खो हसल्या होत्या.

बेल वाजली. रुचिराने घड्याळ पाहिलं.

"बापरे, लवकर आले. आई, गॅस बारीक कर."

सुगंधाने गॅस बंद केला. साडी बदलायला आता वेळ नव्हता. अंगावरच्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, केसांना चिमटा, खांद्यावर पुसायचं फडकं. तिने फडकं खाली ठेवलं, पिठाचे हात नळाखाली धरले आणि ओलेच पदराला पुसत ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली. वाक्य जिभेवर तयार होतं.

कांगसाहेब उंच, थोडे वाकलेले. बायको ठेंगणी, गोरटेली, हातात फळांची पेटी. दोघं बूट काढून आत आली, वाकून रुचिराशी बोलली. मग बाईंची नजर दाराकडे गेली. त्या प्रसन्न हसल्या आणि रुचिराकडे वळून त्यांनी विचारलं, "इमोनिम?"

रुचिराने आईकडे पाहिलं. खोचलेला पदर, ओले हात. तेवढ्यात तिला नाही म्हणता आलं असतं. सुगंधा थांबली होती.

"ने," रुचिरा म्हणाली.

कांगबाईंनी सुगंधाकडे बघून मान लववली. सुगंधाने हात जोडले आणि ती आत गेली.

ओट्यापाशी ती नुसती उभी राहिली. कढईतलं तेल अजून हलत होतं. तिने उगाच झाकणं उघडून पाहिली, रश्शाचं, भाताचं. मागून रुचिरा आली. तिच्या हातात एक ताट होतं. टेबलावर सुगंधाने सकाळीच चार ताटं मांडली होती, त्यांतलं एक.

"आई, तू मागाहून जेवशील ना? त्यांच्यात तशी पद्धत असते. घरच्या बाईने आधी पाहुण्यांना वाढायचं."

"असं होय," सुगंधा म्हणाली.

"आणि ते वडे गरमगरमच आण हां. प्लीज."

रुचिराने ताट ओट्यावर ठेवलं आणि ती गेली.

सुगंधाने गॅस पेटवला. उरलेले वडे एकेक करून तळले, एकही करपू दिला नाही. बाहेर गप्पा रंगल्या होत्या. रुचिराचा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता, बारीक, लाडिक, शेवटी लांबवलेला. दहिसरच्या घरात असा आवाज तिने शाळेत असताना काढला असेल, ताप आला की.

वडे आणि सोलकढीचा तांब्या घेऊन सुगंधा बाहेर गेली. आधी बाईंना वाढले, मग साहेबांना. मग लेकीच्या ताटाशी वाकून तिने विचारलं, "ताई, सोलकढी देऊ का तुम्हाला?"

रुचिराचा हात ताटातच थांबला. तिने वर पाहिलं. सुगंधा शांतपणे तांब्या धरून उभी होती.

"आई..." ती इतकं हळू म्हणाली की शब्द ओठांतच राहिला.

"थोडी देते. तिखट लागलं तर बरी."

कांगबाईंनी रश्शात बुडवलेला वडा खाल्ला, डोळे मिटले आणि सुगंधाचं मनगट धरून त्या भराभर काहीतरी बोलल्या. त्यांचा हात मऊ होता. त्यातलं 'माशिस्सोयो', चविष्ट, एवढंच सुगंधाला उमगलं. तिने रुचिराकडे पाहिलं, दुभाष्याकडे बघावं तसं.

"त्या म्हणतात, फार छान झालंय."

"त्यांना सांगा ताई, माझ्या मुलीलाही असंच आवडायचं."

साहेब आणि बाई दोघंही रुचिराकडे बघत होती. शेवटी तिने सांगितलं. बोलण्यात 'त्ताल' हा शब्द आला. त्ताल म्हणजे मुलगी. सुगंधा त्याचीच वाट बघत होती. बाईंचा चेहरा उजळला, त्यांनी लगेच पुढचं विचारलं.

रुचिराने पाण्याचा घोट घेतला. पेला खाली ठेवला. आईच्या साडीच्या निऱ्यांकडे बघत ती म्हणाली, "त्या विचारतायत... तुमची मुलगी काय करते?"

तुमची. जन्मात पहिल्यांदा ही पोर तिला अहोजाहो करत होती.

"नोकरी करते. हुशार आहे," सुगंधा म्हणाली. "पण आता घरी येत नाही, म्हणावं."

रुचिराने मान खाली घालून, एकेक शब्द सुटा करत सांगितलं. काही गाळलं नसावं, कारण बाईंचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी सुगंधाचं मनगट सोडलं नव्हतं. आता दुसरा हातही त्यावर ठेवला. त्या बराच वेळ बोलल्या, हलक्या आवाजात, मधूनच रुचिराला सांग म्हणून खुणावत.

रुचिरा सांगत नव्हती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, लहानपणी व्हायचा तसा. सुगंधाला ते दिसलं. पदर पुढे करावासा वाटला, पण तिच्या एका हातात तांब्या होता आणि दुसरा कांगबाईंनी धरलेला होता.

"त्या म्हणतात," रुचिरा ताटाकडे बघत म्हणाली, "येईल ती. मुली येतात. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

सुगंधाने मान हलवली. बाईंच्या हातांतून आपला हात तिने हळूच सोडवून घेतला, तांब्या टेबलावर ठेवला आणि भाताचं पातेलं जवळ ओढलं.

"भात वाढू का, ताई?"

आपल्यालाच विचारलं असं वाटून कांगसाहेबांनी घाईघाईने, दोन्ही हातांनी, आपलं ताट पुढे केलं.